सेक्टर मागितला एक, आला भलताच!

हार्डडिस्क आपल्याशी खोटं बोलू शकते का? म्हणजे बिघडलेली डिस्क नाही हं. ती बिचारी सरळ 'इनपुट आउटपुट एरर' देते आणि मोकळी होते. मी म्हणतोय ती चांगली धडधाकट डिस्क. तुम्ही तिच्याकडे एक गोष्ट मागता, ती दुसरीच देते, आणि वर कुठेही एरर नाही, लाल अक्षरं नाहीत, काही नाही! तुमची प्रोजेक्ट रिपोर्टची फाइल उघडते, पहिली चाळीस पानं बरोबर, आणि एक्केचाळिसाव्या पानावर कुणाच्या तरी गाण्याचे बाइट्स.

अशी डिस्क मुद्दाम बनवता येते. लिनक्समध्ये एक छोटा कर्नेल मॉड्यूल लिहायचा, जो डिस्ककडे जाणाऱ्या 'वाच' या मागण्या मधेच अडवतो आणि दुसऱ्या डिस्ककडे वळवतो. ('वळवतो' यासाठी शब्दकोशात पुनर्निर्देशन असा भारदस्त शब्द मिळाला. पण तो उच्चारेपर्यंत लाखभर सेक्टर वाचून होतील, तेव्हा आपण वळवणेच म्हणू.) हा मॉड्यूल लिहिणं फारसं अवघड नाही, शंभर-दीडशे ओळींत होतो. अवघड आहे ते तो चुकला की का चुकला हे शोधणं. हा लेख त्या शोधण्याबद्दल आहे. मेकॅनिकल आणि केमिकलवाल्या मित्रांनी पान उलटू नये, उदाहरणं आपल्या पालघरचीच आहेत.

आधी दोन शब्द प्राथमिक. डिस्क म्हणजे कर्नेलच्या दृष्टीने ५१२ बाइट्सच्या खणांची एक लांबलचक रांग. प्रत्येक खण म्हणजे सेक्टर, आणि त्याला शून्यापासून नंबर. फाइल, फोल्डर, नाव वगैरे सगळं वरच्या मजल्यावर, फाइल सिस्टीममध्ये. खाली फक्त एवढीच चिठ्ठी येते : अमुक डिस्क, अमुक सेक्टरपासून, इतके सेक्टर, वाच किंवा लिही, आणि आणलेला माल मेमरीत इथे ठेव. या चिठ्ठीला लिनक्समध्ये 'बायो' म्हणतात (बायोलॉजीशी संबंध नाही, ब्लॉक आय-ओ चं ते लघुरूप). वळवणारा मॉड्यूल एवढंच करतो की चिठ्ठीवरचं डिस्कचं नाव खोडून दुसरं लिहितो, गरज असेल तर सेक्टरचा नंबरही बदलतो, आणि चिठ्ठी पुढे पाठवतो.

आता पालघर. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्याचं विभाजन झालं आणि पालघर महाराष्ट्राचा छत्तिसावा जिल्हा झाला. आठ तालुके इकडे आले. त्याआधी वाड्याच्या माणसाचा जिल्हा पातळीवरचा अर्ज ठाण्याला जायचा, आता पालघरला येतो. भिवंडीचा मात्र ठाण्यालाच राहिला. म्हणजे टपाल बघून ठरवणारा कुणीतरी हवा : वाडा असेल तर पत्ता बदल, भिवंडी असेल तर जाऊ दे. आपला मॉड्यूल म्हणजे हा टपाल बघणारा कारकून. आणि त्याच्या हातून ज्या चुका होतील, नेमक्या त्याच मॉड्यूलच्या हातून होतात. पाकिटावर नाव बदललं पण गट नंबर जुन्या रजिस्टरचाच ठेवला. एकाच पाकिटात वाडा आणि भिवंडी दोन्हीचे कागद होते आणि त्याने फक्त वरचा कागद बघितला. किंवा सर्वांत वाईट, नोंद पालघरला हलवली पण दुरुस्त्या अजून ठाण्याच्या रजिस्टरमध्येच होत राहिल्या.

असे मॉड्यूल कुणाला लागतात? एस-एस-डी वेगवान पण महाग, साधी हार्डडिस्क स्वस्त पण संथ. म्हणून नेहमी लागणारे सेक्टर एस-एस-डीवर कॉपी करून ठेवायचे आणि त्यांचं वाचन तिकडे वळवायचं, याला कॅशिंग म्हणतात. फेसबुकने २०१० मध्ये 'फ्लॅशकॅश' नावाने असा मॉड्यूल ओपन सोर्स केला. त्याच्यावरून अमेरिकेतल्या एसटेक कंपनीने 'एनहान्सआयओ' बनवला, आणि २०१३ च्या सुरुवातीला तो लिनक्स कर्नेलच्या मंडळींपुढे मांडणाऱ्या माणसाचं नाव होतं अमित काळे! हे नाव कर्नेलवाल्यांना नवीन नव्हतं. केजीडीबी म्हणजे कर्नेलचा डीबगर, त्याच्या सोर्स फाइलच्या डोक्यावर कॉपीराइटच्या ओळी आहेत. त्यात २०००-२००१ व्हेरिटास सॉफ्टवेअर, २००३-२००४ अमित एस. काळे, २००४-२००६ लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज अशी नावं वाचायला मिळतात. लिनसिससॉफ्ट ही पुण्याची कंपनी. म्हणजे कर्नेल डीबग करायचं हत्यार वर्षानुवर्षं सांभाळणारा आणि पुढे वाचन वळवणारा मॉड्यूल मांडणारा माणूस एकच, आणि आपल्या बाजूचा. तुमच्या लॅबच्या मशीनवर लिनक्सचा सोर्स उतरवून ती फाइल उघडून बघा, मजा वाटते.

केजीडीबीला स्वतःलाच मुख्य कर्नेलमध्ये जागा मिळायला फार वेळ लागला. लिनस टोरवाल्ड्सला कर्नेलमध्ये डीबगर नकोच होता, २००० साली त्याने तसं स्पष्ट लिहिलं होतं. त्याचं म्हणणं असं की डीबगर हातात असला की माणूस विचार न करता लक्षणावर पट्टी बांधतो. शेवटी २००८ मध्ये २.६.२६ आवृत्तीत केजीडीबी आत आला. मला विचाराल तर दोघंही बरोबर आहेत. खाली सांगतो त्या चुकांपैकी निम्म्या चुका डीबगरने सापडतच नाहीत, आणि एक अशी आहे की तिथे डीबगरशिवाय डोकं धरून बसावं लागतं.

तर मुख्य गोष्ट. फाइल सिस्टीम चढवून, गाणी कॉपी करून मॉड्यूल तपासू नका. फाइल बिघडली एवढंच कळेल, कुठला सेक्टर कुठून आला हे कळणार नाही. त्यापेक्षा प्रत्येक सेक्टरवर त्याचा स्वतःचा नंबर लिहून ठेवा! शंभर एम-बीच्या दोन साध्या फाइल्स बनवा आणि लूप डिव्हाइस वापरून त्यांनाच डिस्क समजा. प्रत्येकीत २,०४,८०० सेक्टर होतात. पहिलीच्या सेक्टर ५ मध्ये लिहा 'क ५', सेक्टर ६ मध्ये 'क ६', असं शेवटपर्यंत. दुसरीत 'ख ०', 'ख १', 'ख २'. दहा ओळींच्या प्रोग्रामचं काम आहे. आता समजा नियम असा आहे की पहिल्या डिस्कचे १,००,००० ते १,००,९९९ हे हजार सेक्टर दुसऱ्या डिस्कच्या सुरुवातीला वळवायचे. म्हणजे सेक्टर १,००,००८ मागितला तर 'ख ८' आलं पाहिजे. मॉड्यूल चढवा, मागा, आणि आलेली चिठ्ठी वाचा. चूक स्वतःच आपलं नाव सांगते.

'क १००००८' आलं? वळलंच नाही. 'ख १००००८' आलं? डिस्क बदलली, पण नंबरातून एक लाख वजा करायचे राहिले. 'ख १' किंवा 'ख ६४' आलं, म्हणजे आठाने भागलेलं किंवा गुणलेलं, तर कुणीतरी ५१२ चा सेक्टर आणि ४०९६ चा ब्लॉक यांची गल्लत केली आहे. कर्नेलमध्ये ही दोन्ही मापं शेजारी शेजारी नांदतात, रेल्वेच्या टाइमटेबलात फास्ट आणि स्लो नांदतात तशी. आणि फरक बरोबर २०४८ चा आला तर गूढ वगैरे काही नाही. पहिलं पार्टिशन बहुतेक ठिकाणी एक एम-बी सोडून, म्हणजे सेक्टर २०४८ पासून सुरू होतं. एका बाजूला पार्टिशनपासून मोजलं आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण डिस्कपासून, की हा आकडा उगवतो.

'वळलंच नाही' या पहिल्या प्रकारात मात्र फसगत आहे. कदाचित मॉड्यूल अगदी बरोबर आहे आणि त्याला कुणी विचारलंच नाही! लिनक्स एकदा वाचलेलं मेमरीत धरून ठेवतो, त्याला पेज कॅश म्हणतात. तोच सेक्टर पुन्हा मागितला तर तो मेमरीतूनच देतो, चिठ्ठी खाली जातच नाही. याच्या उलटही होतं : नियम बदलला, मॉड्यूल काढला, तरी वाचनात 'ख ८' च दिसतंय. माणूस तासभर कोड वाचत बसतो. म्हणून तपासताना वाचन 'डायरेक्ट' करायचं, म्हणजे पेज कॅशला वळसा घालून. डी-डी कमांडला तसा पर्याय आहे. किंवा प्रत्येक वेळी आधी सिंक करून मग ड्रॉप-कॅशेस मध्ये १ लिहून मेमरीतला माल काढून टाकायचा. शिवाय लक्षात घ्या, वरची वळवलेली डिस्क आणि खालची मूळ डिस्क यांचे पेज कॅश वेगवेगळे असतात. एकीतून लिहून दुसरीतून वाचलं तर शिळं मिळू शकतं, आणि त्यात मॉड्यूलचा काही दोष नसतो.

आता पाकिटात दोन तालुक्यांचे कागद असलेली भानगड. ही मला सगळ्यांत आवडते, कारण ती छोट्या तपासणीत कधीच दिसत नाही. चार के-बीचे तुकडे करून वाचलं की सगळं बरोबर येतं, कारण चार के-बी म्हणजे आठ सेक्टर, आणि एक लाख व एक लाख एक हजार या दोन्ही सीमांना आठाने पूर्ण भाग जातो. एकही तुकडा सीमेवर येत नाही. पण एक एम-बीचा तुकडा घ्या. तो २०४८ सेक्टरचा. शून्यापासून मोजलं तर अठ्ठेचाळीस नंबरचा तुकडा ९८,३०४ पासून १,००,३५१ पर्यंत जातो. तो एकाच बायोमध्ये आला आणि मॉड्यूलने फक्त पहिला सेक्टर बघून ठरवलं, तर ९८,३०४ हा हद्दीबाहेर, म्हणून अख्खं पाकीट जुन्या डिस्ककडे. परिणाम : १,००,००० ते १,००,३५१ हे ३५२ सेक्टर 'ख' ऐवजी 'क'. पुढचा तुकडा १,००,३५२ पासून. तो हद्दीच्या आत, म्हणून आता सगळं दुसरीकडे, आणि १,०१,००० च्या पुढचे, ज्यांचा काही संबंध नाही, तेही 'ख' म्हणून येतात. छोटं वाचन बरोबर आणि मोठं चूक असं दिसलं की दुसरीकडे शोधूच नका. उपाय म्हणजे सीमेवर बायो फाडून दोन करणे. त्यासाठी कर्नेलमध्ये तयार फंक्शन आहे. डिव्हाइस मॅपर वापरला तर त्याला फक्त सांगायचं की मी यातले इतकेच सेक्टर घेतले, बाकीचे तो स्वतः परत पाठवतो.

डिव्हाइस मॅपर म्हणजे लिनक्सची वळवावळवीची अधिकृत खिडकी. एल-व्ही-एम, एन्क्रिप्शन, स्नॅपशॉट सगळं तिथून चालतं. शिकायला तीच बरी. पण तिची एक अट असते : आधी नवी डिस्क तयार करायची आणि मग सगळ्यांनी त्या नव्या डिस्कवरून वाचायचं. चालू असलेली डिस्क तशीच ठेवून मधे शिरता येत नाही. एनहान्सआयओने वेगळा रस्ता घेतला होता. प्रत्येक डिस्कच्या रांगेपाशी एक फंक्शन पॉइंटर असायचा, चिठ्ठी आली की हे फंक्शन बोलवा असं सांगणारा. त्याने तो पॉइंटर आपल्याकडे ठेवून घेतला आणि त्या जागी स्वतःचं फंक्शन बसवलं. डिस्क चालू, वरचे प्रोग्राम चालू, आणि मधे कारकून बदलला! हुशारी आहे, पण यात एक खड्डा आहे. रांग पूर्ण डिस्कची एकच असते. तुम्ही पहिल्या पार्टिशनवर पाळत ठेवायला गेलात तरी दुसऱ्या पार्टिशनच्या चिठ्ठ्याही तुमच्याच हातात येतात, आणि तोपर्यंत त्यांच्यावरचा नंबर पूर्ण डिस्कपासून मोजलेला असतो. वरचा तो २०४८ चा फरक इथूनही येतो.

आता शिळ्या रजिस्टरचा प्रश्न. वाचन वळवलं, पण लेखन? लेखन जुन्या डिस्कवरच गेलं आणि वाचन नव्या डिस्कवरून झालं, तर तुम्ही सेव्ह केलेली फाइल उघडल्यावर कालचीच दिसेल. एनहान्सआयओमध्ये तीन पद्धती होत्या. लेखन मूळ डिस्कवर करून एस-एस-डीवरची प्रत रद्द करायची, किंवा दोन्हीकडे लिहायचं, किंवा आधी फक्त एस-एस-डीवर लिहून सावकाश मूळ डिस्कवर न्यायचं. तिसरी सर्वांत वेगवान, पण मधल्या काळात मूळ डिस्क अर्धवट शिळी असते, आणि कुठलं शिळं याची यादी एस-एस-डीवर जपावी लागते. बोईसरच्या पलीकडे तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते, तरी पावसाळ्यात होस्टेलची लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, हे वाचकांना सांगायला नको. यादी नीट लिहिली गेली नाही आणि लाईट गेली तर दोन्ही डिस्क ठीक असून डेटा गेलेला असतो. तपासायचं असेल तर व्हर्च्युअल मशीनला लेखन चालू असताना मधेच मारा, पुन्हा उठवा आणि नंबर वाचा. या वेळी सेक्टरवर नंबराबरोबर कितव्यांदा लिहिलं तेही लिहा, म्हणजे शिळं लगेच ओळखू येतं.

आणि आता ती डीबगरवाली चूक. मॉड्यूल चढवला, वाचन सुरू केलं, आणि सगळं गप्प. प्रोसेसपुढे 'डी' दिसतं. किल नऊ करूनही ती मरत नाही. दोन मिनिटांनी कर्नेलच्या लॉगमध्ये ओळ येते की अमुक टास्क १२० सेकंदांपेक्षा जास्त अडकला आहे. क्रॅश नाही, चुकीचा डेटा नाही, नुसता शुकशुकाट.

कारण बघा किती गमतीचं आहे. आपल्या होस्टेलच्या मेसची कल्पना करा. काउंटरवरच्या काकांना एकदम वाटलं की आधी आपण जेवू. ते स्वतः ताट घेऊन रांगेच्या शेवटी उभे राहिले आणि म्हणाले, माझं ताट मिळेपर्यंत काउंटर बंद. संपलं! मॉड्यूल नेमकं हेच करतो. आलेली चिठ्ठी हातात असताना तो आतूनच एक नवी चिठ्ठी पाठवतो (समजा कुठला सेक्टर कुठे आहे ती यादी वाचायला) आणि तिचं उत्तर येईपर्यंत तिथेच थांबतो. पण कर्नेल अशा आतून आलेल्या चिठ्ठ्या लगेच पुढे पाठवत नाही. तो त्या बाजूला एका यादीत ठेवतो आणि हातातलं फंक्शन परत आल्यावरच काढतो. २००७ च्या सुमारास ही पद्धत आली, कारण एकावर एक पाच-सहा थर रचले की फंक्शनमधून फंक्शन बोलावून कर्नेलचा छोटासा स्टॅक संपून जायचा. म्हणजे फंक्शन थांबलंय चिठ्ठीसाठी आणि चिठ्ठी थांबलीये फंक्शनसाठी.

इथे नंबर लिहिण्याची युक्ती चालत नाही, कारण काही परत येतच नाही. इथे पाहिजे तो अडकलेल्या टास्कचा स्टॅक, म्हणजे कोण कुणाच्या आत थांबलंय त्याची माळ. सिस-रिक्वेस्टच्या 'डब्ल्यू'ने तो लॉगमध्ये मिळतो, किंवा केजीडीबीने. पूर्वी केजीडीबीला दोन कॉम्प्युटर आणि मधे सीरियल केबल लागायची. एका मशीनचा कर्नेल जागेवर थांबवला तर त्याच्यावर डीबगर चालवणार कोण? म्हणून दुसरं मशीन. आज क्यूएमूसारख्या व्हर्च्युअल मशीनमुळे दोन्ही एका लॅपटॉपमध्ये मावतात. माळेत तुमच्या फंक्शनच्या वर 'वाट पाहतोय' असं फंक्शन आणि खाली बायो पाठवणारं फंक्शन दिसलं की निदान पक्कं. उपाय : थांबायचं काम वर्कक्यूला द्या आणि स्वतः लगेच परत फिरा.

वर्कक्यू आणखी एका ठिकाणी लागते. वाचन पूर्ण झालं की जे फंक्शन बोलावलं जातं ते बहुधा इंटरप्टमध्ये चालतं, तिथे झोपायची परवानगी नाही. झोपलात तर 'शेड्युलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक' म्हणून कर्नेल जाहीर बोंब मारतो. बोंब मारतो ते बरंच, निदान जागा कळते. मेमरी मागतानाही साधी जी-एफ-पी कर्नेल नाही, जी-एफ-पी नो-आय-ओ वापरायची. नाहीतर मेमरी मोकळी करायला कर्नेल डिस्कवर लिहायला जाईल आणि ती चिठ्ठी पुन्हा तुमच्याकडेच येईल.

प्रिंट-के टाकून बघणाऱ्यांना (म्हणजे आपल्या सगळ्यांना) एक सूचना. लॉगची फाइल जर वळवलेल्या डिस्कवरच असेल, तर प्रत्येक ओळ लिहायला एक चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीला एक ओळ. काही मिनिटांत डिस्क भरते. त्यापेक्षा ट्रेस-प्रिंट-के वापरा, ते फक्त मेमरीत लिहितं. किंवा ब्लकट्रेस, २००६ पासून कर्नेलबरोबर आहे. त्यात प्रत्येक चिठ्ठीपुढे एक अक्षर येतं : 'क्यू' म्हणजे आली, 'ए' म्हणजे वळवली, 'डी' म्हणजे डिस्ककडे गेली, 'सी' म्हणजे पूर्ण झाली. 'ए'च्या ओळीत जुना आणि नवा दोन्ही पत्ते असतात. डिव्हाइस मॅपर ती ओळ आपोआप देतो, स्वतः पॉइंटर बदलणाऱ्याला ती स्वतः टाकावी लागते.

राहता राहिलं मॉड्यूल काढणं. चढवताना सगळे काळजी घेतात, काढताना कुणी नाही. तुमच्या हातून गेलेल्या काही चिठ्ठ्या अजून वाटेत असतात, आणि त्यांच्यावर लिहिलेलं असतं की काम झालं की या फंक्शनला कळवा. फंक्शनच मेमरीतून गेलं, तर कर्नेल रिकाम्या जागी उडी मारतो. म्हणून वाटेतल्या चिठ्ठ्यांचा हिशोब ठेवायचा आणि तो शून्य झाल्यावरच जायचं. पॉइंटर बदलण्याच्या पद्धतीत अजून एक गाठ होती. तुमच्यानंतर दुसऱ्या कुणी तोच पॉइंटर बदलला असेल आणि तुम्ही जाताना जुना पॉइंटर परत ठेवला, तर मधल्या माणसाचा पत्ता कट! तो समजतो आपण अजून पहाऱ्यावर आहोत.

एनहान्सआयओ मुख्य कर्नेलमध्ये कधी गेला नाही. त्याच वर्षी, २०१३ मध्ये, कॅशिंगचे दुसरे दोन मॉड्यूल आत गेले, ३.९ मध्ये डीएम-कॅश आणि ३.१० मध्ये बीकॅश. आणि २०२० च्या ५.९ मध्ये तो रांगेपाशी असलेला पॉइंटरच काढून टाकला गेला, त्याचं काम डिस्कच्या ऑपरेशन्सच्या तक्त्यात हलवलं. त्यामुळे तो जुना सोर्स आपल्या लॅबच्या नव्या मशीनवर कंपाइल होणार नाही. प्रयोग करायचाच असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये २०१३ च्या आसपासचा ३.x कर्नेल टाका आणि डिस्क म्हणून त्या शंभर एम-बीच्या दोन फाइल्स द्या. रूममेटची हार्डडिस्क देऊ नका.